पानाच्या तळचा शेरा

शेरा आधी लिहितो. माझी बायको शेवंता मागच्या सालच्या रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, साप चावून गेली. तिला आधी ज्या दवाखान्यात नेलं, त्याचा पत्ता ज्या पानावर होता ते पान मी ठेवायला लावलं होतं. काढा म्हणणारी माणसं होती. मी काढू दिलं नाही. आता पुढचं वाचायचं असेल तर वाचा.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, दौलतभाऊ, तुम्ही सातवी शिकलेला माणूस आणि एवढ्या मोठ्या वेबसाइटची मांडणी केली, त्यावर लिहा, लोकांना कौतुक वाटेल. कौतुकाचं लोकांनी पाहावं. मी काम सांगतो.

गडचिरोलीच्या बाजूला एका संस्थेत मी तीस सालं दफ्तरी होतो. दफ्तरी म्हणजे कागद सांभाळणारा. लिहिणारे वेगळे, सही करणारे वेगळे. दोघांचं झालं की कागद माझ्याकडे यायचा आणि मग तो माझा. मी तो लाल रुमालात बांधायचो, वर चिठ्ठी लावायचो, फळीवर ठेवायचो. डांबराच्या गोळ्या टाकायच्या, उधई म्हणजे वाळवी लागली का पाहायचं, पावसाळ्यात फळ्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढायच्या. कोणी मागितला तर काढून द्यायचा आणि परत आला की त्याच जागी ठेवायचा. एवढंच. पण हे एवढंच ज्याला येत नाही, त्याच्या कचेरीत माणूस दिवस दिवस बसून राहतो.

मला हे काम एका म्हाताऱ्या दफ्तऱ्यानं शिकवलं. त्याच्या दोन गोष्टी मी धरून ठेवल्या. पहिली, कागद फाडायचा नाही. आज निरुपयोगी वाटतो तो वीस सालांनी कोणाचं घर राखेल. दुसरी, कागद जुना झाला, त्याचं काम संपलं, तर तसा शेरा फायलीच्या शेवटच्या पानावर खाली लिहायचा. वर लिहायचा नाही. वरचं पान ज्यानं लिहिलं त्याचं असते, दफ्तऱ्याची जागा तळाशी. ज्याला फाइल वाचायची आहे तो शेवटचं पान पाहतोच. आमच्या दफ्तरखान्यात सगळे पाहायचे. फाइल हातात आली की आधी उलटी करायची, शेवटचा शेरा वाचायचा, मग सुरुवात. ही आमची सवय. जगाची नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली गोष्ट खरी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. एकदा एटापल्लीकडून लालसू नावाचा एक माडिया म्हातारा आला. दोन बसा बदलून. खिडकीशी उभा राहिला. मी विचारलं, काय पायजे. तो म्हणाला, "भाऊ, माहा बाप इथी हाये का?"

मला वाटलं याचा बाप हरवला. मग हळूहळू उमगलं. त्याचा जमिनीचा दावा अडकला होता. बाप ती जमीन कसत होता याचा कागद पाहिजे होता. आमच्या संस्थेनं फार मागे त्या गावांत फिरून कोण कुठे काय पेरते याची यादी केली होती, हे त्याला कोणीतरी सांगितलं होतं. दुपारभर मी रुमाल सोडले. त्या रुमालावर चिठ्ठी उरली नव्हती, पण गाठ माझी होती, ती मी ओळखली. यादीत नाव होतं. लालसूला वाचता येत नव्हतं. मी नावावर बोट ठेवलं, तसं त्यानं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. मग बोट काढेचना. मी म्हटलं, नक्कल काढाची हाये, बोट काढा. तो म्हणाला, "थांब ना. बसू दे त्याले जरासा."

त्याचा दावा पुढे मंजूर झाला. उन्हाळ्यात त्यानं चारोळीची पुडी पाठवली. त्या दिवसापासून माझी मान ताठ झाली. कोणी म्हटलं, दौलतभाऊ, हे जुनं फेका ना, की मी लालसूची गोष्ट सांगायचो. किती वेळा सांगितली याचा हिशेब नाही. माझ्या डोक्यात ती अशी बसली की दुसरं काही बसायला जागा राहिली नाही.

आता वेबसाइटचं. संस्थेची वेबसाइट होती. वीस सालांत जे जे छापलं, लिहिलं, वाटलं, ते सगळं त्यात टाकलं होतं. हिवतापाची पत्रकं, जमिनीच्या दाव्याचे नमुने, मोहफुलाचे भाव, कोणत्या नाल्यावर पूर आला की कोणता रस्ता बंद, सापाचं इंजेक्शन कोणत्या दवाखान्यात मिळते. हजारावर पानं असतील. आणि संस्था चालवणाऱ्या आमच्या साहेबांचे सत्कार. सतरा पानांवर साहेब दिवा लावत होते. एटापल्लीकडे नेट असं की एक फोटो उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येते. तिथल्या माणसाला तापाची गोळी शोधायची तर आधी साहेबांचा सत्कार पूर्ण उतरू द्यावा लागे.

ते आवरायला ब्रह्मपुरीच्या वैशालीबाई आल्या. चाळिशीच्या, दोन लेकरांची आई, बोलणं सरळ. त्यांचं काम हेच, वेबसाइटांची मांडणी. साहेबांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण कोणता कागद कशाचा हे मलाच माहीत. पहिल्या दिवशी त्या माझ्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या खिडकीवर मानूस येते तं पहिलं काय म्हनते?"

मी म्हटलं, "म्हनते, पोराले ताप आला."

"आरोग्य विभाग कुठी हाये, असं म्हनते का?"

"विभाग कायले विचारन. त्याचं पोरगं तापलं हाये."

"मंग तुमच्या साइटीवर त्याले पयले विभाग काऊन विचारता?"

 साइटवर वर ओळीनं आरोग्य विभाग, प्रशिक्षण विभाग, प्रकाशन विभाग, अहवाल असं लिहिलेलं होतं. म्हणजे आम्ही आमच्या खुर्च्या मांडल्या तसं घर मांडलं होतं. येणाऱ्याला खुर्च्या माहीत नसतात.

तिथून काम सुरू झालं. तुम्हाला समजेल असं सांगतो. वेबसाइटला एक मोठा दरवाजा असतो, पण निम्म्याहून जास्त लोक त्या दरवाजातून येतच नाहीत. ते फोनवर आपला सवाल लिहितात आणि सर्च त्यांना आणून थेट आतल्या खोलीत सोडतो. म्हणून प्रत्येक खोलीला वाटलं पाहिजे की मीच दरवाजा आहे. हे पान कशाचं, हे वर मोठ्या अक्षरात. आपण कुठे आहोत, मागे कुठे जायचं, याची एक ओळ. आणि कुठूनही निघा, बोट तीनदा लावलं की कामाच्या पानावर पोचला पाहिजे. चौथ्यांदा माणूस कंटाळते.

आणि हा सर्च म्हणजे कोण? मी त्याला कारकून समजतो. दमदार आहे, थकत नाही, रात्रंदिवस सगळ्या जगाचे रुमाल सोडून पाहतो. पण त्याला खरं-खोटं कळत नाही. तो चिठ्ठी वाचतो, मथळा वाचतो, आणि मोजतो की या पानाकडे बोट दाखवणारी दुसरी पानं किती. जास्त लोक बोट दाखवतात ते पान मोठं. ज्याच्याकडे कोणी बोट दाखवत नाही, ते खरं असलं तरी मागे. गावात असंच चालते, त्यामुळे मला हे लवकर समजलं.

वैशालीबाईंनी एक युक्ती सांगितली. प्रत्येक पानाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठ्या लोकांपुढे टाकायच्या आणि म्हणायचं, तुमच्या मनानं ढीग करा. कुठे करायचं? मी म्हटलं, मार्कंड्याच्या जत्रेत. तिथे सगळ्या बाजूंची माणसं येतात आणि दर्शन झाल्यावर रिकामी असतात. महाशिवरात्रीला आम्ही वैनगंगेच्या वाळूत ताडपत्री टाकून बसलो. शेवंता सोबत होती. तिला दर्शन करायचं होतं, आणि माझ्यावर नजर ठेवायची होती, कारण जत्रेत मी भजी खातो आणि मग दोन दिवस पोट धरून बसतो.

लोकांनी जे ढीग केले ते आमच्या संस्थेच्या शिकलेल्या लोकांच्या डोक्यात कधी आले नसते. मूल गावच्या एका बाईनं सापाची चिठ्ठी रोवण्याच्या चिठ्ठीवर ठेवली. वैशालीबाई म्हणाल्या, "आजी, हे तं दवाखान्याचं हाये." ती म्हणाली, "साप का दवाखान्यात चावते? बांधीत चावते. बांधीतच ठेव." बांधी म्हणजे धानाचं शेत. एका गुरुजींनी सगळ्या चिठ्ठ्या अक्षरांप्रमाणे ओळीनं लावल्या आणि आमच्याकडे असं पाहिलं की पैकीच्या पैकी द्या. एकानं सगळ्यांचा एकच ढीग केला आणि म्हणाला, सगळं सारखंच हाये, कोनतंच काम होत नाई. तोही ढीग आम्ही लिहून घेतला.

शेवंताला वाचता येत नव्हतं. मी चिठ्ठी वाचायचो, ती ठेवायची. हात भरभर चालत होता, जसा तेंदूच्या पानांचा मुडा बांधताना चालायचा. एका चिठ्ठीवर ती थांबली.

"सापाच्या इंजेक्शनची यादी आताच तं वाचली तुमी."

"ते नवी. हे जुनी."

"दोन काऊन?"

"एक जुनी हाये, एक नवी."

"जुनीत लिवलं ते दवाखाने हायेत का आता?"

"काई हायेत. काई बंद झाले, काई हालले."

"मंग लोकाइले दाखवता काऊन?"

मी तिला लालसूची गोष्ट सांगायला लागलो. तिनं हात वर केला. ती गोष्ट तिला पाठ होती. "लालसूच्या बापाचं येगळं," ती म्हणाली. "तो मेलेला होता, त्याले कोठी जाचं नव्हतं. याच्यात चालतं मानूस जाईन ना." आणि तिनं ती चिठ्ठी बाजूच्या चहावाल्याच्या चुलीत टाकली.

वैशालीबाई हसल्या. मीही हसलो. मग मी खिशातून पेन काढला आणि ती चिठ्ठी दुसरी लिहिली.

पुढे या यादीवरूनच वैशालीबाईंशी माझं वाजलं. त्यांनी शे-दीडशे पानांच्या नावांचा एक ताव केला होता, जी पानं काढायची किंवा वळवायची. वळवायची म्हणजे, जुन्या पत्त्यावर कोणी आला की त्याला न विचारता नव्या पानावर नेऊन सोडायचं. बहुतेक पानांना मी हो म्हटलं. सत्कारांना तर मीच आधी हात लावला. पण जुन्या यादीपाशी अडलो. ती यादी संस्थेनं पहिल्यांदा केली तेव्हा मी स्वतः साहेबांबरोबर जीपमध्ये हिंडलो होतो. त्यात माझं नाव नव्हतं, पण घाम होता. दफ्तरात कागदांचे वर्ग असतात, कायम ठेवायचे ते अ वर्ग. मी म्हटलं, हे अ वर्गातलं आहे. जागची हलणार नाही.

वैशालीबाईंनी समजावलं. "भाऊ, एकाच गोष्टीची दोन पानं ठेवली तं सर्चले कळत नाई कोनतं खरं. जुनी यादी दहा सालं दरवाज्यावर होती. शाळाइनं, ग्रामपंचायतीनं, सगळ्याइनं तिचाच पत्ता धरून ठेवला. तेच वर येईन. नवी कोन पाहीन?"

"मंग शेरा लिहू."

"कुठी?"

"खाली. तळाशी. जिथी असते तिथी."

"वर लिहा ना. लाल अक्षरात."

"वरचं पान दफ्तऱ्याचं नाई."

 मग त्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, दौलतभाऊंना तीस सालांचा अनुभव आहे, त्यांच्या मनाप्रमाणे होऊ द्या. मी त्या दिवशी घरी जाऊन शेवंताला सांगितलं की माझा शब्द राहिला. ती भाकर थापत होती. तिनं विचारलं, कशावरून. मी सांगितलं नाही.

पानाच्या तळाशी शेरा गेला. सदर यादी जुनी असून नव्या यादीसाठी अमुक पान पाहावे. भाषा माझी. साइट सुरू झाली आणि खरंच सांगतो, चांगली चालली. वर ताप आला, साप चावला, जमिनीचा दावा, मोहफूल-तेंदू, रस्ता बंद आहे का, अशी नावं. खिडकीवर येणारे लोक फोन दाखवून म्हणायचे, भाऊ, सापडलं. पोंभुर्ण्याकडचा माझा साळा मारोती तर गावभर सांगायचा, आमच्या भाऊजीची साइट हाये.

शेवंता दर सालच्या रोवण्याला मारोतीकडे जायची. माहेर, आणि हाताला काम. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला बांधीच्या धुऱ्यावर ठेवलेली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी उचलायला ती वाकली. पेंडीखाली परड होती. परड म्हणजे घोणस. उजव्या हाताच्या बोटाला चावली.

मारोतीनं मांत्रिक बोलावला नाही, दोरी आवळली नाही, जखम कापली नाही. सगळं आमच्या साइटवर लिहिलं होतं तसं केलं. तिला चालू दिलं नाही, हात हलू दिला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं त्याच्या मनात होतं, तो रस्ता त्याला पाठ होता. पण त्याला वाटलं, भाऊजीची साइट आहे, पाहून घेऊ, जवळ कुठे इंजेक्शन असेल तर तेवढा वेळ वाचेल. त्यानं फोनवर लिहिलं. सर्चनं जे पान सगळ्यात वर दिलं ते उघडलं. यादीत तालुक्यापेक्षा जवळचा एक दवाखाना होता, दुसऱ्या बाजूला. मोटारसायकलवर शेवंताला मधे बसवलं, मागून त्याच्या सुनेनं धरलं, आणि निघाले.

तिथे कुलूप होतं. दवाखाना दोन सालांआधीच दूर सडकेवरच्या नव्या इमारतीत गेला होता. नव्या यादीत ते लिहिलं होतं. बाजूला बकऱ्या चारणारा एक माणूस म्हणाला, "इथी आता काई नाई, बाप्पा. कवाचंच उठलं." सडकेकडचा नाला भरून वाहत होता, तिकडे जाता आलं नाही. मारोती परत फिरला, घरावरून पुढे तालुक्याला गेला. इंजेक्शन मिळालं तेव्हा दीड वाजून गेला होता. हात खांद्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. तिथून चंद्रपूर. मी चंद्रपूरला पोचलो तेव्हा ती बोलत होती. मला म्हणाली, भात खाल्ला का. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी मारोतीला विचारलं होतं, अकराला चावला तर मधे कुठे होतात. मी बाजूलाच उभा होतो. मारोती म्हणाला, मी चुकीच्या दवाखान्यात नेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊजी, तुमच्याच साइटीवर पाह्यलं."

आणि मी काय म्हटलं ते लिहितो. मी म्हटलं, "खाली शेरा होता ना. खालपर्यंत पाहाचं होतं."

त्यानं मान खाली घातली. तो म्हणाला, "घाईत होतो. मी खालतं पाह्यलंच नाई."

 तो एक साल हे घेऊन जगला की मी नीट वाचलं नाही आणि बहीण मारली. मी त्याला तसं जगू दिलं.

ती गेल्यावर पाचव्या दिवशी मी संस्थेत गेलो. वैशालीबाईंना ब्रह्मपुरीहून बोलावून घेतलं. कोणतं पान कधी कोणी उघडलं याची एक वही साइटच्या मागे आपोआप लिहिली जाते. मी म्हटलं, त्या दिवसाची दाखवा. त्या म्हणाल्या, नका पाहू भाऊ. मी म्हटलं, माझ्या दफ्तरातलं मला नाही म्हणू नका. त्यांनी दाखवली. सव्वाअकराच्या आसपास एक नोंद होती. एक फोन. जुनी यादी. पाऊण मिनिट. नव्या यादीवर त्या दिवशी कोणीच आलं नव्हतं.

मी म्हटलं, "फाडा."

त्या म्हणाल्या, "फाडाचं नाई भाऊ. फाडलं तं त्या पत्त्यावर येनारा मानूस रिकाम्या जागी उभा राहीन. वळवू."

एवढं सोपं होतं. चहा थंड होण्याआधी काम झालं. जुन्या पत्त्यावर बोट लावलं की नवी यादी उघडायला लागली. पण सर्चनं आपल्याकडे जुन्या पानाची नोंद करून ठेवलेली असते, आणि तो पुन्हा येऊन पाहीपर्यंत तीच दाखवतो. तो आपल्या वेळेनं येतो. मी रोज फोनवर लिहून पाहायचो, साप चावला इंजेक्शन कुठे. बोट लावलं तर नवं पान उघडायचं, पण वर नाव जुनंच दिसायचं. तेरवीच्या दिवशी घरात पंगत बसली होती आणि मी मागच्या अंगणात उभा राहून पाहिलं. तरी जुनंच नाव. वैशालीबाई जेवायला आल्या होत्या. त्यांना फोन दाखवला. त्या म्हणाल्या, त्याले माहीत नाई ना भाऊ, कोन मेलं ते.

काही दिवसांनी ते नाव गेलं. ज्या दिवशी गेलं त्या दिवशी मी निवृत्तीचा अर्ज लिहिला. साहेबांनी थांबवलं, म्हणून एक काम ठेवलं. दर सोमवारी मी यादीतल्या एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावतो. नमस्कार, दौलत बोलून राह्यलो, सापाचं इंजेक्शन हाये का आज. काही ठिकाणचे आता आवाज ओळखतात. एक कंपाउंडर म्हणतो, आजोबा, तुम्हाला दर सोमवारी साप चावते का. मी म्हणतो, असेल तर हो सांग, नसेल तर नाही सांग. मग पानाच्या वर, मथळ्याच्याही वर तारीख घालून लिहितो: आज विचारून लिहिलं.

या सालच्या रोवण्याला मी मारोतीकडे गेलो. सालभर गेलो नव्हतो. तो बांधीत होता. मी धुऱ्यावर बसलो. तो चिखलातून वर आला, पाय धुतले नाहीत, तसाच बाजूला बसला. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी चुलीत टाकली ते, मी दुसरी लिहिली ते, वैशालीबाई वर लिहा म्हणत होत्या ते. म्हटलं, तुही चूक नव्हती. दवाखान्यात मी बोललो ते खोटं होतं. मले माहीत होतं आन मी बोललो.

 बांधीतल्या बायका आमच्याकडे पाहून पुन्हा वाकल्या. मग तो म्हणाला, "एक साल लावलं भाऊजी."

"हो."

"मी बाईच्या फोटोपुढे जेवत नाई. माहीत हाये?"

मला माहीत नव्हतं. बहिणीला तो बाई म्हणायचा.

त्यानं सुनेला हाक मारून फोन मागवला. स्वतःकडे ठेवायचा त्यानं सोडला होता. हात लुंगीला पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. "काढा," म्हणाला. "कसं केलं ते दाखवा."

मी लिहिलं, साप चावला. पान उघडलं. वर सोमवारची ओळ होती. त्याखाली तालुक्याच्या दवाखान्याचं नाव, फोन, आणि तिथे कोणत्या रस्त्यानं जायचं. मारोतीनं फोन घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागला, एकेक अक्षर, शाळेतल्या पोरासारखा. मथळा वाचला. नावं वाचली. मी म्हटलं, बस, कामाचं वरच हाये. तो थांबला नाही. अंगठ्यानं पान वर सरकवत राहिला, यादी संपली तरी, खालची पांढरी जागा येईपर्यंत. तिथे तो थांबला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"खाली काई नाई?" त्यानं विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "खाली काई नाई ठेवलं."

त्यानं आणखी एकदा सरकवून पाहिलं.